खोडरबर आणि पंच्याण्णवचा आकडा

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत गणिताच्या सरांची शोकसभा झाली. तिथे त्यांच्याविषयी जे बोलले गेले त्यातले निम्मे खोटे होते, आणि उरलेले निम्मे दुसऱ्याच कुणाविषयी होते. मी उत्तर द्यायला उठलो, तेव्हा सूत्रसंचालकाने माझ्या हातात "वेळ संपली" अशी चिठ्ठी दिली. ज्या शाळेचा मी अकरा वर्षे मुख्याध्यापक होतो, तिथे मला चिठ्ठी! ठीक आहे. कागदाला वेळेचे बंधन नसते. म्हणून हे लिहितो आहे.

पहिले वक्ते संस्थेचे सचिव. ते म्हणाले, "लातूरचे हे सर भोकरला आले आणि येताना लातूरची पद्धत घेऊन आले." सर लातूरचे नव्हते, लातूरजवळच्या मुरुडचे होते. त्यांच्या लेखी हा फरक लहान नव्हता. दहावीच्या निकालात लातूरचे नाव गाजत असल्यामुळे आमच्या पालकांनी त्यांच्याभोवती पहिल्याच वर्षी एक आख्यायिका रचली. कुणी विचारले की सर हात जोडून सांगत, "मी मुरुडचा हाव. आमच्याकडं बाजार भरतो, पॅटर्न न्हाई." सचिवांनी हे वाक्य अनेकदा ऐकलेले आहे. तरीही ते लातूरच म्हणाले, कारण मुरुडला टाळ्या पडत नाहीत.

दुसरे वक्ते त्यांचेच एक माजी विद्यार्थी, आता नांदेडला मोठे दुकान चालवतात. ते कृतज्ञतेने म्हणाले, "सरांच्या छडीने मला घडवले." सरांनी आयुष्यात कुणावर छडी उगारली नाही. या गृहस्थांना छडी मारणारा मी होतो. त्यांना आठवत नसेल, मला आठवते.

सरांच्या हातात छडी नसे. खिशात खोडरबर असे. इतर शिक्षक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, तसे ते एका दोऱ्याने बांधलेले खोडरबर काजातून ओवून छातीवर बाळगत. मुलांनी त्यांचे नावच 'खोडरबर' ठेवले होते. सभेत सांगितले गेलेले 'टार्गेट सर' हे नाव पालकांनी दिलेले. त्यांच्या घरासमोरूनही मुले "खोडरबर हायेत का घरी?" असे विचारीत, आणि आतून सर स्वतःच ओरडत, "हाय, या! काय खोडायचंय?"

त्यांची रीत अशी होती. दहावीचा वर्ग सुरू झाला की प्रत्येक मुलाने आपल्या कंपासपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर आपण गाठायचे टक्के लिहायचे. पेन्सिलीने. आपल्या हाताने. आईवडिलांना न दाखवता. मागच्या परीक्षेत जेवढे मिळाले त्याच्यापुढे सात, त्याहून एकही जास्त नाही. एखाद्या पठ्ठ्याने अठ्ठेचाळीसचे एकदम ऐंशी लिहिले की सर झाकण उघडून पाहत, खोडरबर काढत आणि ते त्याच्याच हातात देत.

"पुस."

"पण सर, मी करतो ना ऐंशी!"

"कर की. कोण न्हाई म्हणतंय? आधी पंचावन्न कर. पायरी चढायची असती बाळा, जिना उचलून न्यायचा नसतो."

दर शनिवारी पट्टी बदलण्याची मुभा असे. कमी करायलाही. आकडा कमी करणाऱ्याला सर कधी रागावले नाहीत, उलट त्याच्या शेजारी बसत आणि विचारत, "कुठं अडून राहिलंय?" मी एकदा त्यांना म्हणालो, शाई वापरा, मुलांच्या मनात निर्धार राहील. ते म्हणाले, "हेडसर, लेकराचं लिहायचं ते पेन्सिलीनं. शाई आपल्यासाठी." मला त्याचा अर्थ लागला नाही. पुढे एकदा तपासणीसाठी त्यांची टाचणवही माझ्याकडे आली. पाठाची टाचणे नियमाप्रमाणे ठीक होती. वही उलटी केली तर मागच्या पानांवर निळ्या शाईत ओळी: "आज त्रिकोणमितीत पायरी गाळली. दोन पोरी गप्प राहिल्या, मला कळले नाही." "आज हसायला नको होते तिथे हसलो." वर्षभराच्या स्वतःच्या चुका. मी त्यावर शेरा मारला: "अनावश्यक मजकूर." हा माझा शेराही शाईतच आहे.

रविवारी सर सायकलवरून विद्यार्थ्यांच्या घरी जात. अभ्यास विचारत नसत. मुलाच्या आईला विचारत, "ताई, लेकरू बसतंय कुठं?" ती जागा दाखवली की तिथे स्वतः मांडी घालून पुस्तक उघडत आणि अर्धा तास बसत. घरच्यांची कुचंबणा होई. चहा निवून जाई. एका मुलाचे वडील पिठाची गिरणी चालवत, आणि मुलगा गिरणीच्या मागच्या खोलीत अभ्यास करी. सर तिथे अर्धा तास बसले आणि भुवयांपासून पायांपर्यंत लाल होऊन बाहेर आले, कारण त्या वेळी मिरची दळणे चालू होते. डोळे पुसत ते गिरणीवाल्याला एवढेच म्हणाले, "दादा, बीजगणिताच्या टायमाला ज्वारी दळा. मिरची भूगोलाला चालंल." त्या गिरणीत मार्चपर्यंत मिरचीची वेळ बदललेली होती.

आणि निकाल. आमच्याकडे निकालाच्या दिवशी पहिल्या तिघांना फेटे बांधण्याची पद्धत होती. सर त्या वेळी शाळेत थांबत नसत. ज्यांनी पट्टीवरचा आकडा गाठला त्यांच्या घरी ते पेढे घेऊन जात, मग तो आकडा कोणताही असो. एका वर्षी पट्टीवर बेचाळीस लिहिणाऱ्या मुलाला त्रेचाळीस मिळाले, तेव्हा त्यांनी शिक्षकखोलीत पेढे वाटले. एक्क्याण्णव मिळवणारा मुलगा पाया पडायला आला, त्याला म्हणाले, "बरं. पट्टीवर किती होते?" तो म्हणाला, त्र्याण्णव. "मग घरी जाऊन जेव. पेढा उंद्या." दुसऱ्या दिवशी खरोखर दिला. या प्रकाराची मला तेव्हा लाज वाटत असे. आता वाटते ती वेगळ्या गोष्टीची.

तिसऱ्या वक्त्यांवर येतो. हे माझे जुने सहकारी. माणूस वाईट नाही. ते मोठ्या मनाने म्हणाले, "सर फार थोर होते. एका मुलीच्या बाबतीत त्यांच्याकडून अन्याय झाला, पण माणूस म्हटला की चूक व्हायचीच." सभागृहाने माना डोलावल्या. गावात गेली चौदा-पंधरा वर्षे हेच सांगितले जाते: सरांनी एका मुलीला कमी लेखले आणि भिंतीवरचा तिचा आकडा पुसला. मी उठलो तो या वाक्यावर.

ती भिंत माझी होती. संस्थेच्या लोकांबरोबर मी लातूरच्या काही शाळा पाहून आलो होतो. एका ठिकाणी दर्शनी भागात विद्यार्थ्यांची नावे आणि समोर त्यांनी ठरवलेले टक्के असा फलक होता. परतल्यावर मी दिवाळीच्या सुटीनंतर पालकसभा बोलावली आणि सायकलस्टँडसमोरच्या लांब भिंतीवर दहावीच्या बेचाळीस मुलांची नावे रंगवून घ्यायचे ठरवले. खडूने नाही, चुन्याने नाही. ऑइल पेंटने, वर्षभर टिकावे म्हणून. आकडे पालकांनी सांगायचे होते.

पहिले गृहस्थ म्हणाले पंच्याऐंशी. दुसऱ्यांनी मागे वळून पाहिले आणि सांगितले, "आमच्या पोराचं अठ्ठ्याऐंशी लिहा." तिथून पुढे आकडा खाली आला नाही. सुजाताचे वडील शेवटच्या रांगेत बसले होते. तहसीलमध्ये कारकून, स्वच्छ पांढरा शर्ट, कमी बोलणारे. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात राबले होते. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पुस्तकांचे कपाट होते, आणि ते कपाट साऱ्या गल्लीची मुले वापरत. त्यांची वेळ आली तेव्हा ते उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "पंच्याण्णव." त्या आकड्यात हाव नव्हती, हे मी आज स्पष्ट लिहितो. ज्याच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या मागे बसवले गेले, तो माणूस आपल्या मुलीचे नाव सर्वांत वर पाहू इच्छित होता. सहामाहीत तिला एकसष्ट टक्के होते.

सर मधूनच उठले. "हेडसर, हे आकडे लेकरांचे न्हाईत. लेकरांचे आकडे त्यांच्या पेटीत हायेत."

मी पालकांसमोर म्हणालो, "आपण खाली बसा." ते बसले.

भिंत रंगून झाली. मुलांना रोज सायकल लावताना आपापला आकडा वाचावा लागे. पंधरवड्यातच सुजाताने वर्गात प्रश्न विचारणे सोडले. पुढे ती दोन दिवसांआड येऊ लागली. बोर्डाची आवेदनपत्रे भरून द्यायची वेळ आली, तेव्हा एकेचाळीस आली. बेचाळिसावे तिच्याकडेच होते, सही न केलेले. मैत्रिणीला ती म्हणाली होती, "मी यंदा बसतच न्हाई. पंच्याण्णव न्हाई पडले तर बाबा तहसीलमध्ये मान वर कशी करतील?" शेवटची मुदत चार दिवसांवर होती. एका हुशार, कष्टाळू मुलीचे वर्ष, आणि कोण जाणे पुढचे किती काही, त्या चार दिवसांवर टांगले होते. हे मला कळवण्यात आले होते. मी म्हणालो, "वडिलांना बोलावून समज देऊ."

सोमवारी सकाळी शाळेत आलो तो सबंध भिंत पांढरी. बेचाळीस नावे, बेचाळीस आकडे, सगळ्यावर चुना. रविवारी सरांनी बादली आणि कुंचला घेऊन एकट्याने हे काम केले होते. त्यांच्या चपलांवर अजून शिंतोडे होते.

"हे आपण केलंत?"

"भिंत पांढरी म्या केली, हाव."

"कुणाच्या परवानगीने?"

"मागितली असती तर तुम्ही दिली असती का?"

"मुळीच नाही."

"मग तुमचा टाइम वाचला, हेडसर."

मी त्याच दुपारी त्यांना ज्ञापन दिले: शाळेच्या मालमत्तेची हानी, वरिष्ठांचा अवमान, खुलासा चोवीस तासांत. खुलासा आला तो पेन्सिलीने लिहिलेला. "भिंतीला चुना मी लावला. आपला." एवढेच. मी विचारले, हा काय पोरखेळ आहे? ते म्हणाले, "पुसायची सोय ठेवलीय. तुमचं मत बदललं तर." मंगळवारी सुजाताचे आवेदनपत्र सहीनिशी माझ्या टेबलावर होते. मी त्यावर शिक्का मारला आणि या दोन कागदांचा एकमेकांशी काही संबंध असेल असा विचारही केला नाही.

चुना ऑइल पेंटवर धरत नाही. रंगारी नसलेल्या माणसाला हे माहीत नसते, सरांनाही नव्हते. आठ-दहा दिवसांत चुना पापुद्र्यांनी गळू लागला आणि खालून निळी नावे, लाल आकडे परत डोकावू लागले. महिना उलटला तेव्हा भिंत जवळजवळ पूर्ववत झाली होती. एकच जागा पांढरी राहिली. सुजाताच्या नावापुढची.

वडील माझ्या कार्यालयात आले. आवाज चढला नव्हता. "सर, एकेचाळीस पोरांचे आकडे दिसून राहिले. माझ्याच पोरीचा तेवढा पुसलेला हाय. का म्हणून? मला कारण सांगा. आमच्यासारख्यांना कारण लवकर समजतं, तरी पण तुमच्या तोंडून ऐकू द्या."

त्या माणसाचा संशय निराधार असला तरी अकारण नव्हता, हे मला तेव्हाही समजत होते. आणि मला आणखी एक गोष्ट समजलेली होती. मी जन्मभर भूमिती शिकवली. पुराव्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही. त्याच सकाळी मी चष्मा लावून त्या जागेशी गेलो होतो. तिथे चुना चिकटून राहिला होता, कारण त्याच्याखाली रंगच नव्हता. रंग गिलाव्यापर्यंत खरवडलेला होता. ओरखडे बारीक होते, वळणदार होते, आणि मधूनमधून टोक रुतल्याची भोके होती. कंपासच्या टोकाची खूण मी ओळखणार नाही तर कोण? आणि ते सगळे दहावीतल्या मुलीचा हात पोचेल तेवढ्याच उंचीपर्यंत होते, त्याच्यावर आकड्याची लाल कड तशीच राहिली होती. सरांचा हात त्याहून वीतभर वर पोचत असे.

म्हणजे आकडा सरांनी पुसलाच नव्हता. तो तिने स्वतः खरवडला होता. सरांनी ते पाहिले आणि एकटीचा आकडा गेलेला दिसू नये म्हणून सगळ्याच भिंतीला चुना फासला. त्यांनी मला खोटे सांगितले नव्हते. "भिंत पांढरी म्या केली" एवढेच ते म्हणाले होते.

मी सरांना बोलावले. वडिलांनी त्यांनाही तोच प्रश्न केला. मी त्यांच्याकडे पाहत होतो. एक वाक्य बोलले असते तर ते सुटले असते. त्यांनी छातीवरचे खोडरबर मुठीत धरले आणि म्हणाले, "साहेब, चुना माझा हाय. जिम्मेदारी माझी. पोरीला काही विचारू नका. ती परीक्षेला बसून राहिली, तेवढं बघा."

वडील माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "योग्य ती कारवाई होईल."

का? सभेत मला वेळ मिळाला असता तर मी ही गोष्ट सरांच्या बाजूने सांगितली असती, आणि आपला भाग कदाचित गाळला असता. इथे गाळता येत नाही. ज्ञापन देऊन झाले होते. ते मागे घ्यायचे तर माझ्या भिंतीने एका मुलीला कंपास हाती घ्यायला लावले, हे मान्य करावे लागले असते. सरांना दोषी ठरवणे सोपे होते, कारण त्यांची हरकत नव्हती. त्यांच्याकडून दहावीचा वर्ग काढून घेतला गेला. वैयक्तिक नस्तीत नोंद झाली. निवृत्तीपर्यंत त्यांनी पाचवीला शिकवले, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर दहावीची मुले बाहेरच्या लिंबाखाली त्यांच्याभोवती पेट्या उघडून बसत. मी खिडकीतून पाहत असे. बंदी घातली नाही, याचे श्रेय मी कधी काळी स्वतःला देत असे.

सुजाताच्या पट्टीवर अडुसष्ट लिहिलेले होते. तिला सत्तर मिळाले. निकालाच्या संध्याकाळी माझ्या टेबलावर कागदात गुंडाळलेला एक पेढा होता. कुणी ठेवला हे सांगायला नको. मी तो खाल्ला.

शोकसभेनंतर मी काठी टेकत सायकलस्टँडपाशी उभा होतो. त्या भिंतीवर आता सुविचार आहेत. एक बाई जवळ आल्या, वाकून नमस्कार केला. "सर, ओळखलं का? सुजाता. धर्माबादला सरकारी दवाखान्यात औषधं देते मी."

ओळखले. तिने आवाज खाली केला. "सर, ते तिसरे सर बोलले ना, ते खरं न्हाई. आकडा सरांनी न्हाई खोडला. मी खोडला. शनिवारी शाळा सुटल्यावर, कंपासनं. सरांनी मागून येऊन बघितलं. मला वाटलं, आता मरते मी. तर म्हणाले, कंपास बोथट होईल पोरी, भूमितीला लागंल. घरी जा, फारमवर सही कर. भिंतीचं मी बघतो."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

"कवापासून?"

"तेव्हापासूनच."

तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मी भांडलो असतो. भांडण मला येते. "मी बाबांना बारावीच्या निकालादिवशी सगळं सांगितलं," ती म्हणाली. "बाबा त्याच दिवशी सरांच्या घरी गेले. रडले. सर म्हणाले, तुम्ही पेन्सिलीनं रागावला होतात, मी कवाच पुसलं. मग मी शाळेत यायला निघाले होते, तुम्हाला सांगायला. तर सरांनीच अडवलं. म्हणाले, हेडसरांना म्हाईत न्हाई, उगी त्यांना तकलीफ होईल."

त्यांना माहीत होते की मला माहीत आहे. त्या दिवशी वडिलांसमोर आमची नजरानजर झाली होती. तिला त्यांनी सांगितलेले हे एकच खोटे, आणि ते माझ्यासाठी होते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या कार्यालयात गेलो आणि त्यांची नस्ती मागितली. तिथली कारकून मुलगी नवीन आहे. मला नावाने ओळखते, चेहऱ्याने नाही. "सर, ते तर वारले. आता कशाला लागती ती फाइल?" मी म्हणालो, "लागते." तिने कपाटातून काढून झटकून दिली. माझे ज्ञापन जसेच्या तसे होते, अक्षर ठसठशीत. त्याच्यामागे त्यांचा खुलासा. पेन्सिल फिकी झालेली, पण वाचता येत होती. पुसायची सोय त्यांनी ठेवली होती. ती मी कधी वापरली नाही.

"मला यावर नोंद करायची आहे."

"आधी पेन्सिलीनं लिहा ना सर. आमच्या हेडसरांना दाखवू, मग पक्कं करू."

"नाही," मी म्हणालो. "ही माझी चूक आहे. पेन दे."

मी लिहिले: "वरील ज्ञापन चुकीचे होते, आणि ते देणाऱ्यास पुढे सत्य कळूनही त्याने ते मागे घेतले नाही. भिंतीचे नुकसान या शिक्षकांनी केले नव्हते. ज्या दिवशी मी तिच्यावर आकडे लिहवून घेतले त्या दिवशी ते झाले होते." खाली पूर्ण सही केली. मुलीने ते वाचले. शिक्का ओढून घेतला, कागदावर उमटवला आणि आवक क्रमांक घातला.